स्वतःची ॲप रेपो कशी चालते: एफड्रॉइड सर्व्हरची टूल्स सोप्या भाषेत

ॲप स्टोअर म्हटलं की डोळ्यासमोर येतात मोठमोठे सर्व्हर, डेटाबेस, लॉगिन, डेव्हलपरचं खातं आणि मंजुरीसाठी थांबणं. म्हणून कुणाला सांगितलं की अरे तू तुझ्या ॲप्सची स्वतःची रेपो, म्हणजे ॲप्सचं छोटं भांडार, काढू शकतोस, लोक ती फोनमध्ये जोडतील आणि पुढचे अपडेट त्यांना आपोआप दिसतील, तर पहिला प्रश्न ठरलेला, सर्व्हर कुठला घ्यायचा? पण सर्व्हर हा यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. एफड्रॉइड या ॲप स्टोअरच्या पद्धतीची रेपो म्हणजे एक साधं फोल्डर, त्यात एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करायच्या फाइली, आणि त्या फाइलींची डिजिटल सही केलेली यादी. बास. ते फोल्डर कुठल्याही साध्या वेब होस्टिंगवर टाका, पेनड्राइव्हवर टाका, दुसऱ्याच्या मिररवर, म्हणजे हुबेहूब प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर टाका, फोनला फरक पडत नाही कारण फोन सर्व्हरवर विश्वास ठेवतच नाही, तो सहीवर विश्वास ठेवतो.

एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीची सगळी टूल्स आपोआप समजायला लागतात.

एफड्रॉइड 2010 पासून चालू आहे, अँड्रॉइडवरच्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी. मुक्त म्हणजे फुकट नाही, मुक्त म्हणजे ज्याचा सोर्स कोड कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो, पुढे वाटू शकतो. याचे दोन भाग आहेत. एक फोनवरचं क्लायंट ॲप, जे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. आणि दुसरा, जो फार कमी लोक पाहतात, तो म्हणजे एफड्रॉइड सर्व्हर. नावात सर्व्हर आहे म्हणून गोंधळ होतो पण हा काही दिवसरात्र चालू राहणारा प्रोग्राम नाही. ही पायथॉनमध्ये लिहिलेली कमांड लाइन टूल्सची पेटी आहे, तुम्ही कमांड देता, ती फाइली तयार करते आणि थांबते. लायसन्स एजीपीएल आवृत्ती 3, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचाच एक परवाना. डेबियन या लिनक्समध्ये याचं तयार पॅकेज मिळतं, डॉकर इमेज, म्हणजे सगळं आधीच बसवून ठेवलेला तयार डबाही आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे एफड्रॉइडची स्वतःची हजारो ॲप्सची मुख्य रेपोसुद्धा याच टूल्सवर चालते, तुमच्यासाठी काही वेगळी लहान आवृत्ती नाही. गार्डियन प्रोजेक्ट, मायक्रोजी, इझीऑनड्रॉइड या दुसऱ्या प्रकल्पांच्या स्वतंत्र रेपो याच पद्धतीच्या आहेत, आणि म्हणूनच ड्रॉइडिफाय किंवा निओ स्टोअर सारखे दुसरे क्लायंटसुद्धा त्या सगळ्या वाचू शकतात.

आता आधी सगळ्यात साधा प्रकार बघू, ज्याला लोक बायनरी रेपो म्हणतात. म्हणजे एपीके आधीच तयार आहेत, तुम्हाला फक्त त्या नीट मांडायच्यात.

एक रिकामं फोल्डर घ्यायचं आणि त्यात 'एफड्रॉइड इनिट' चालवायचं. ही कमांड तीन गोष्टी करते, रेपो नावाचं आतलं फोल्डर बनवते, कॉन्फिग डॉट वायएमएल नावाची सेटिंगची फाइल बनवते, आणि एक कीस्टोअर फाइल बनवते जिच्यात तुमच्या रेपोची सही करायची चावी असते, 4096 बिटची, आरएसए प्रकारची. मग रेपो फोल्डरमध्ये एपीके टाकायच्या आणि 'एफड्रॉइड अपडेट' चालवायचं. पहिल्यांदा चालवताना क्रिएट मेटाडेटा असा पर्याय द्यायचा म्हणजे प्रत्येक ॲपसाठी माहितीची एक कोरी फाइल ते टूल स्वतःच बनवून देतं, मग त्यात नाव, वर्णन, लायसन्स वगैरे आपण भरायचं.

खरं काम या अपडेट कमांडमध्ये आहे. ती प्रत्येक एपीके उघडते आणि वाचते. ॲपचा आयडी काय, व्हर्जन कोड, म्हणजे नवीन आवृत्तीला वाढत जाणारा आकडा, किती, लोकांना दिसणारं व्हर्जन नाव काय, किमान कुठलं अँड्रॉइड लागतं, कुठल्या परवानग्या मागतंय, ॲपवर सही कुणाच्या सर्टिफिकेटची आहे, फाइल केवढी आहे आणि फाइलचा एसएचए256 हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, काय येतो. हे सगळं एका जेसॉन यादीत, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा ठरलेल्या मांडणीच्या मजकुरात, लिहिलं जातं आणि त्या यादीवर तुमच्या रेपोच्या चावीने सही होते. या यादीला इंडेक्स म्हणतात. फोन आधी इंडेक्स उतरवतो, सही तपासतो, मग तुम्ही इन्स्टॉल दाबलं की एपीके उतरवतो आणि तिचा हॅश यादीतल्या हॅशशी जुळवतो. एक बाइट जरी इकडची तिकडे झाली तर हॅश जुळत नाही आणि फाइल फेकून दिली जाते. म्हणजे बघा, सही एकाच छोट्या यादीवर आहे पण त्या यादीत प्रत्येक फाइलचा हॅश असल्यामुळे संपूर्ण फोल्डरला कुंपण पडतं. वेब होस्टिंगवाल्याने किंवा मधल्या कुणी एपीके बदलली तरी त्याला यादी बदलावी लागेल, यादी बदलली तर सही करावी लागेल, आणि चावी तर तुमच्याकडे आहे. जुनी पण खरी सही असलेली यादी पुन्हा पुढे करून लोकांना जुन्या, भोकं असलेल्या आवृत्तीवर अडकवून ठेवायचा एक डाव असतो, त्यासाठी यादीत वेळ नोंदवलेली असते आणि हातात असलेल्या यादीपेक्षा जुनी यादी क्लायंट घेत नाही.

इंडेक्सचं थोडं सविस्तर सांगतो कारण रेपो फोल्डरमध्ये पाहिलं की एकाच कामाच्या तीन चार फाइली दिसतात आणि माणूस बिचकतो. सुरुवातीला एक्सएमएल या दुसऱ्या मांडणीतली यादी होती. मग इंडेक्स व्ही1 आला, जेसॉन, पण जार फाइलमध्ये, म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या झिपसारख्या गठ्ठ्यात, गुंडाळलेला. जार का, तर जार फाइलवर सही करायची आणि तपासायची सोय जावामध्ये आधीपासून होती, नवीन काही शोधावं लागलं नाही. मग ॲप्स वाढली, प्रत्येक ॲपची वर्णनं कितीतरी भाषांत आली, यादी फुगत फुगत मेगाबाइटमध्ये गेली, आणि मुख्य रेपोत एका ॲपचा एक अपडेट आला तरी प्रत्येक फोनने अख्खी यादी परत उतरवायची, ज्यांचं नेट हळू आहे त्यांचे त्यात हाल. म्हणून इंडेक्स व्ही2 आला. यात एन्ट्री नावाची एक अगदी चिमुकली फाइल असते, सही फक्त तिच्यावर, आणि तिच्यात मोठ्या यादीचा हॅश आणि फरकांच्या फाइलींचे हॅश असतात. फोन म्हणतो माझ्याकडे अमुक वेळेची यादी आहे, मग तो फक्त तेवढ्यापासूनचा फरक उतरवतो. व्ही1 अजूनही बाजूला तयार होतो कारण जुने क्लायंट तोच वाचतात. तेव्हा या फाइलींना कचरा समजून हात लावू नका, काय लागतं काय नाही ते अपडेट कमांडला कळतं.

आता चावी. इथे मी जरा थांबून बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त गोंधळ आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

दोन वेगवेगळ्या चाव्या असतात आणि लोक त्या एकच समजतात. एक रेपोची चावी, जी यादीवर सही करते. दुसरी ॲपची चावी, जी एपीकेवर सही करते. ॲपची चावी अँड्रॉइड स्वतः तपासतं, नियम सरळ आहे, फोनवर जे ॲप आहे त्याचा अपडेट त्याच चावीने सही केलेला हवा, नाहीतर इन्स्टॉल होणार नाही. रेपोची चावी अँड्रॉइडला माहीतसुद्धा नसते, ती फक्त एफड्रॉइड क्लायंट तपासतो. रेपो पहिल्यांदा जोडताना पत्त्याच्या शेवटी फिंगरप्रिंट असतो, 64 हेक्स अक्षरांचा, तो म्हणजे रेपोच्या सर्टिफिकेटचा एसएचए256. फिंगरप्रिंटसकट पत्ता दिला तर पहिल्याच भेटीत फोन खात्री करू शकतो की ही तीच रेपो. नुसता पत्ता दिला तर पहिल्यांदा जी चावी दिसेल ती फोन खरी मानतो आणि पुढे तीच धरून राहतो, म्हणजे पहिली भेटच फसवी असेल तर सगळंच फसवं. म्हणून लोकांना रेपो सांगताना फिंगरप्रिंटसकट लिंक द्या, शक्यतो क्यूआर कोड द्या, 64 अक्षरं हाताने कुणी टाइप करत नाही.

माझ्याबाबतीत काय झालं ते सांगतो. एका छोट्या ग्रुपसाठी रेपो चालवत होतो, चार पाच ॲप्स, तीसेक फोन. कॉन्फिग, मेटाडेटा सगळं गिटमध्ये, म्हणजे फाइलींचा प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साठ्यात, नीट ठेवलेलं. कीस्टोअर गिटमध्ये टाकायचा नसतो हे माहीत होतं म्हणून गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, घातला, जे बरोबरच होतं, पण मग त्याची दुसरी प्रत कुठेच ठेवली नाही. लॅपटॉपची डिस्क गेली. गिटमधून सगळं परत आलं, एपीके परत आल्या, कॉन्फिगसुद्धा आली, फक्त ती काही केबीची फाइल आली नाही आणि तिच्याशिवाय बाकी सगळं निरुपयोगी. नवीन चावी बनवली तर फोन म्हणणार ही रेपो ती नाहीच, आणि फोनचं म्हणणं अगदी बरोबर, चोर आला असता तरी त्याला हेच दिसलं असतं. शेवटी तीस जणांना एकेकाला सांगून जुनी रेपो काढायला आणि नवीन जोडायला लावली. त्यात दोघं वयस्कर होते, त्यांना फोनवर बोलून बोलून करून घेतलं. ॲप्स मात्र वाचली कारण हरवली होती ती रेपोची चावी, ॲपच्या चाव्या ज्याने त्याने आपापल्या जपल्या होत्या. त्या गेल्या असत्या तर प्रत्येकाला ॲप काढून परत टाकावं लागलं असतं आणि ॲपमधला डेटासुद्धा त्याच्यासोबत गेला असता. तेव्हापासून कीस्टोअर आणि त्याचा पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी एन्क्रिप्ट करून ठेवतो, आणि मधून मधून त्या प्रतीवरून खरोखर सही करून बघतो, कारण न तपासलेला बॅकअप असून नसल्यासारखाच.

पासवर्डवरून आठवलं, कॉन्फिग फाइलमध्ये कीस्टोअरचा पासवर्ड साधा वाचता येईल असा लिहिलेला असतो. त्या फाइलची परवानगी फक्त तुमच्यापुरती ठेवा, ढिली असेल तर टूल स्वतःच इशारा देतं. तो इशारा दुर्लक्ष करायचा नाही.

इथपर्यंत झाली तयार एपीकेची रेपो. पण मुख्य एफड्रॉइडचं वैशिष्ट्य वेगळं आहे, तिथे डेव्हलपरने पाठवलेली एपीके घेऊन ठेवत नाहीत, सोर्स कोड घेतात आणि स्वतः बिल्ड करतात, म्हणजे त्या कोडमधून एपीके तयार करतात. का, तर सोर्स उघडा असला तरी तुमच्या फोनवरची एपीके त्याच सोर्समधून बनलीय याची काहीच हमी नसते. डेव्हलपर प्रामाणिक असेल पण त्याच्या मशीनमध्ये काही शिरलं असेल तर? म्हणून बिल्ड दुसऱ्याने करायचा, ठरलेल्या पाककृतीप्रमाणे.

ही पाककृती म्हणजे मेटाडेटाची वायएमएल फाइल, प्रत्येक ॲपला एक, आणि मुख्य रेपोच्या सगळ्या फाइली एफड्रॉइड डेटा नावाच्या गिट प्रोजेक्टमध्ये गिटलॅब या वेबसाइटवर उघड्या पडलेल्या आहेत, कुणीही जाऊन वाचू शकतो. एखादी उघडून बघा, वर कॅटेगरी, लायसन्स, सोर्स कोडचा पत्ता, तक्रारी कुठे नोंदवायच्या तो पत्ता. मग रेपो टाइप, म्हणजे सोर्स गिटमध्ये आहे की आणखी कशात. मग येतो बिल्ड्स नावाचा भाग, प्रत्येक आवृत्तीची एक नोंद. त्यात व्हर्जन नेम, व्हर्जन कोड, कमिट म्हणजे गिटमधल्या नेमक्या कुठल्या नोंदीचा कोड घ्यायचा, सबडिर म्हणजे सोर्सच्या कुठल्या फोल्डरमध्ये ॲप आहे, आणि ग्रेडल, म्हणजे अँड्रॉइड ॲप बिल्ड करायचं टूल, त्याच्यासमोर येस. साध्या ॲपला एवढंच पुरतं, पाच ओळी. कमिटच्या जागी टॅगचं, म्हणजे कमिटला लावलेल्या लेबलचं, नाव चालतं असं वाटेल, पण कमिटचा पूर्ण हॅश लिहायचा, कारण टॅग मागाहून हलवता येतो, हॅश हलवता येत नाही. आज ज्या कोडचा बिल्ड तपासला त्याच कोडचा उद्या होईल याची खात्री फक्त हॅशने मिळते.

दर आवृत्तीला ही नोंद हाताने भरायची म्हटलं तर हजारो ॲप्सचं काम कोण करणार? त्यासाठी 'चेक अपडेट्स' ही कमांड आहे. मेटाडेटात सांगून ठेवायचं की नवीन आवृत्ती ओळखायची कशी, बहुतेक जण टॅग्स असं लिहितात, मग टूल डेव्हलपरच्या गिटमधले नवे टॅग बघतं, तिथला व्हर्जन कोड वाचतं, तो आधीपेक्षा मोठा असेल तर मागच्या नोंदीची नक्कल करून नवीन नोंद जोडतं. डेव्हलपरला वेगळं काही करावंच लागत नाही, तो नेहमीसारखा टॅग लावतो आणि पुढचं होत राहतं. वर्णन, स्क्रीनशॉट आणि काय बदललं त्याची टीपसुद्धा डेव्हलपरच्याच सोर्समधून, फास्टलेन नावाच्या ठरलेल्या फोल्डर रचनेतून उचलली जातात, त्यामुळे भाषांतर करणाऱ्यांनी ॲपच्या प्रोजेक्टमध्ये मराठी वर्णन टाकलं की ते रेपोतही दिसायला लागतं. मेटाडेटातल्या चुका पकडायला 'लिंट' आहे, मांडणी एकसारखी करायला 'रीराइट मेटा' आहे, ही दोन चालवल्याशिवाय कुणाला तपासायला पाठवू नका, तपासणारे बरेचसे लोक आपला वेळ देऊन करतात.

बिल्ड सुरू व्हायच्या आधी 'स्कॅनर' धावतो. मला विचाराल तर हे या पेटीतलं सगळ्यात प्रामाणिक टूल. ते सोर्समध्ये दोन प्रकारच्या गोष्टी शोधतं, एक म्हणजे मुक्त नसलेल्या लायब्ररींची, म्हणजे ॲपमध्ये वापरलेल्या तयार कोडच्या गठ्ठ्यांची नावं, गूगलच्या फायरबेस, प्ले सर्व्हिसेस, जाहिराती आणि ट्रॅकिंगवाल्या लायब्ररी, आणि दुसरं म्हणजे आधीच कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत बदलून, ठेवलेल्या फाइली, जार, डॉट एसओ, कुठेतरी पडलेली जुनी एपीके. या दुसऱ्या प्रकारावर नवे डेव्हलपर वैतागतात, म्हणतात अहो ती साधी लायब्ररी आहे, मुक्तच आहे. असेल, पण तिचा सोर्स इथे नाहीये, आत काय आहे ते बघता येत नाही, मग सोर्समधून बिल्ड केल्याचा अर्थ काय राहिला? अशा वेळी मार्ग असतात. ती फाइल काढून टाकून विश्वासातल्या मेव्हन रेपोतून, म्हणजे लायब्ररींच्या ऑनलाइन भांडारातून, तीच लायब्ररी घ्यायची, किंवा तिचाही सोर्स घेऊन बिल्ड करायचा, किंवा स्कॅन डिलीट लावून टूललाच ती पुसायला सांगायचं. फायरबेससारख्या गोष्टीसाठी डेव्हलपर सहसा ग्रेडलमध्ये वेगळा फ्लेव्हर करतात, एक त्या लायब्ररीसकट आणि एक तिच्याशिवाय, आणि मेटाडेटात येसच्या जागी त्या मुक्त फ्लेव्हरचं नाव लिहितात. ग्रेडल रॅपरची, म्हणजे सोर्ससोबत येणाऱ्या आणि ग्रेडल आणून चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, जारसुद्धा जशीच्या तशी वापरत नाहीत, त्याऐवजी एफड्रॉइडची स्वतःची स्क्रिप्ट आहे जी अधिकृत ग्रेडल उतरवून तिचा हॅश तपासते. एवढी काळजी बघून मला खरंच बरं वाटतं.

काही ॲप मुक्त असतं पण त्यात खटकणारं काही असतं, समजा एखाद्या मुक्त नसलेल्या सेवेशिवाय त्याला अर्थच नाही, किंवा त्यात जाहिराती आहेत, किंवा माहीत असलेलं सुरक्षेचं भोक आहे. तिथे ॲप नाकारत नाहीत, त्याला अँटीफीचर म्हणून खूण लावतात आणि फोनवर ती खूण ठळक दिसते. वापरणाऱ्याला सांगायचं आणि निर्णय त्याच्यावर सोडायचा, ही पद्धत मला पटते.

मग प्रत्यक्ष बिल्ड. 'एफड्रॉइड बिल्ड' तुमच्या लॅपटॉपवरही चालतं, तपासण्यासाठी ते ठीक आहे. पण मुख्य रेपोसाठी बिल्ड सर्व्हर असतो, डेबियनचं कोरं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन, ॲपचा सोर्स त्यात जातो, बिल्ड होतो, सही नसलेली एपीके बाहेर येते, आणि पुढच्या बिल्डसाठी मशीन पुन्हा कोरं. ग्रेडलची बिल्ड स्क्रिप्ट म्हणजे कुणीतरी अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रामच असतो, तो काहीही करू शकतो, म्हणून एका ॲपच्या बिल्डची सावली दुसऱ्यावर पडू द्यायची नाही.

बाहेर आलेल्या एपीके अनसाइन्ड नावाच्या फोल्डरमध्ये पडतात. तिथून 'पब्लिश' कमांड त्यांच्यावर सही करून रेपो फोल्डरमध्ये हलवते. ॲपची चावी आधी नसेल तर तीही हीच कमांड बनवते, प्रत्येक ॲपला वेगळी. आणि हे सही करायचं मशीन बिल्ड करणाऱ्या मशीनपासून वेगळं ठेवायचं, शक्य असेल तर त्याला नेटच द्यायचं नाही. टूल्समध्ये यासाठी सोय आहे, कॉन्फिगमध्ये लोकल कॉपीचं ठिकाण म्हणून पेनड्राइव्ह द्यायचा, नेट नसलेल्या मशीनवर सही झाली की सगळं पेनड्राइव्हवर जातं, मग तो पेनड्राइव्ह नेट असलेल्या मशीनला लावून तिथून वेबवर ढकलायचं. चावी कधी नेटला शिवतच नाही. लहान रेपोला हे जड वाटेल, पण जुना लॅपटॉप पडलेला असेल तर करून बघा, एकदा बसवलं की सवयीचं होतं.

आता यात एक मोठी अडचण लपलेली आहे. एफड्रॉइडने स्वतःच्या चावीने सही केली म्हणजे डेव्हलपरच्या वेबसाइटवरची एपीके आणि एफड्रॉइडवरची एपीके यांच्या सह्या वेगळ्या, म्हणजे एकीवरून दुसरीवर अपडेट होत नाही, ॲप काढूनच टाकावं लागतं. आणि वापरणाऱ्याला डेव्हलपरसोबत एफड्रॉइडच्याही चावीवर विश्वास ठेवावा लागतो. यावर उपाय म्हणजे रिप्रोड्युसिबल बिल्ड. कल्पना अशी की एकाच सोर्समधून दोघांनी वेगवेगळ्या मशीनवर बिल्ड केला तर फाइल बाइट न बाइट तीच यायला हवी. मेटाडेटात डेव्हलपरच्या एपीकेचा पत्ता आणि त्याच्या चावीचा फिंगरप्रिंट लिहून ठेवतात, एफड्रॉइड सोर्समधून बिल्ड करतं, डेव्हलपरच्या एपीकेवरची सही उचलून आपल्या बिल्डवर बसवतं आणि तपासतं. सही बरोबर बसली तर याचा अर्थ दोन्ही फाइली एकच आहेत, कारण एका बाइटचाही फरक असता तर सही मोडली असती. मग लोकांना डेव्हलपरच्याच सहीची एपीके मिळते. म्हणजे चावी डेव्हलपरची आणि तपासणी एफड्रॉइडची.

ऐकायला सोपं आहे पण करताना घाम निघतो. दोन बिल्ड जुळत नाहीत तेव्हा कारणं फार बारीक असतात, बिल्डची वेळ कुठेतरी फाइलीत लिहिली गेलेली, डेव्हलपरच्या मशीनवरचा फोल्डरचा पत्ता नेटिव्ह लायब्ररीत शिरलेला, जेडीके या जावाच्या टूल्सची आवृत्ती वेगळी, झिपमधल्या फाइलींचा क्रम वेगळा, पीएनजी चित्रं दाबताना आलेला फरक. शोधायला डिफोस्कोप नावाचं टूल आहे, दोन एपीके त्याला दिल्या की आतपर्यंत उलगडून नेमका फरक कुठे ते दाखवतं. सल्ला एवढाच की डेव्हलपरने रिलीजचा बिल्ड स्वच्छ क्लोनमधून, म्हणजे गिटमधून नव्याने उतरवलेल्या प्रतीतून, टॅगवरच करावा. कितीतरी वेळा फरक निघतो तो फक्त एवढ्यामुळे की रिलीज एका कमिटवरून केलेली असते आणि टॅग पुढच्या कमिटला लावलेला असतो.

सगळं तयार झालं की 'डिप्लॉय'. कॉन्फिगमध्ये वेब सर्व्हरचा पत्ता दिलेला असतो, आरसिंक या फाइली पाठवायच्या टूलने फाइली वर जातात, ॲमेझॉनच्या एस3 सारखं स्टोरेज किंवा गिट होस्टिंगचं पेजेसही चालतं. यात एक छोटीशी गोष्ट मला फार आवडते, सर्व्हरवर ढकलताना ही कमांड आधी एपीके आणि बाकीच्या फाइली पाठवते आणि इंडेक्स सगळ्यात शेवटी. उलट झालं असतं तर यादीत नवीन आवृत्ती दिसली असती पण फाइल अजून वर पोचलेली नाही, आणि त्या दहा मिनिटांत ज्यांनी अपडेट दाबला त्यांना एरर. तुम्ही डिप्लॉय न वापरता स्वतःची स्क्रिप्ट लिहिलीत तर हा क्रम पाळा. मिररही इथेच नोंदवायचे, आणि मिररवाला कोण आहे याची फार चिंता करायची गरज नाही, कारण तेच, सही त्याच्याकडे नाही.

जागा संपायला लागली तर कॉन्फिगमध्ये आर्काइव्ह ओल्डर अशी एक सेटिंग आहे, तिथे 3 लिहिलं तर प्रत्येक ॲपच्या शेवटच्या 3 आवृत्त्या मुख्य रेपोत राहतात आणि त्याहून जुन्या आर्काइव्ह नावाच्या शेजारच्या रेपोत हलतात. ज्यांना जुनं काही लागतं ते आर्काइव्ह चालू करून घेतात. रोजचे कच्चे बिल्ड लोकांना तपासायला द्यायचे असतील तर 'नाइटली' कमांड आहे, ती सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप बिल्ड करणाऱ्या व्यवस्थेत, चालते आणि डीबग बिल्डची वेगळी रेपो बनवून देते, ती तुमच्या पक्क्या रेपोत मिसळू नका.

आणि एक प्रश्न जो प्रत्येक रेपो चालवणाऱ्याला कधी ना कधी पडतोच, खराब आवृत्ती बाहेर गेली तर परत कशी घ्यायची? एपीके फोल्डरमधून काढली, अपडेट चालवलं, डिप्लॉय केलं की नवीन लोकांना ती दिसणार नाही. पण ज्यांनी आधीच घेतली त्यांच्या फोनवर ती तशीच राहते, अँड्रॉइड कमी व्हर्जन कोडवर मागे जाऊ देत नाही. म्हणजे 41 खराब निघाली आणि 40 चांगली होती तर 40 परत वर ठेवून 41 वाल्यांचा काही फायदा नाही, 40 चाच कोड घेऊन त्याला 42 नंबर द्यायचा, बिल्ड करायचा, त्याच चावीने सही करायची आणि तो सोडायचा. मधल्या काळात मेटाडेटात सध्याची आवृत्ती म्हणून 40 लिहून ठेवा, म्हणजे ज्यांनी अजून 41 घेतलेली नाही त्यांना क्लायंट ती सुचवणार नाही, आणि 42 तयार झाली की तो आकडा बदलायला विसरू नका, नाहीतर दुरुस्त आवृत्ती रेपोत पडून राहते आणि ती कुणाला सुचवलीच जात नाही.